एकच डोस पुरतो कसा? फुप्फुसातलं सर्फॅक्टंट पुन्हा पेशीत जातं तेव्हा

प्रश्न बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या बहिणीचं बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं. श्वास घेताना छाती आत ओढली जात होती, म्हणून डॉक्टरांनी नळीतून दुधासारखं पांढरं औषध फुप्फुसात सोडलं. हे औषध म्हणजे सर्फॅक्टंट: फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ. एकच डोस. "आता बाळ हेच पुन्हा पुन्हा वापरेल," असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी विचारलं आहे: पुन्हा वापरेल म्हणजे नेमकं काय? बाहेर टाकलेलं सर्फॅक्टंट पेशी परत आत कशी घेते? त्यातल्या प्रथिनांचं काय होतं? आणि दुसरा डोस लागेल का?

बाई, डॉक्टरांनी धीर देण्यासाठी काहीतरी सांगितलं असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नाही. त्यांचं वाक्य शब्दशः खरं आहे. मी वीस वर्षांहून जास्त काळ नवजात अतिदक्षता विभागात काम करते आहे. नव्या निवासी डॉक्टरांना मी पहिल्याच आठवड्यात हेच समजावते, कारण हे समजलं की बाळाच्या फुप्फुसाशी कसं वागायचं ते आपोआप कळतं.

आधी औषधाचं माप बघा. डुकराच्या फुप्फुसापासून केलेल्या सर्फॅक्टंटचा पहिला डोस साधारणपणे किलोमागे २०० मिलिग्रॅम असतो. बाळ सव्वा किलोचं असेल तर सगळं मिळून पाव ग्रॅम. हे तीन मिलिलिटरच्या आसपास द्रवात येतं, म्हणजे औषधाच्या छोट्या चमच्याहूनही कमी. फ्रिजमधून काढलेली बाटली आमच्या सिस्टर तळहातात धरून ऊबदार करतात आणि हलक्या हाताने उलटसुलट करतात. खळखळवून हलवत नाहीत, कारण फेस होतो. मग ते पांढरं औषध पातळ नळीतून आत जातं. कधीकधी पंधरा-वीस मिनिटांत बाळाला द्यावा लागणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणता येतो. छातीच्या खालच्या कडेला पडणारा खड्डा भरून येतो. इतक्या वर्षांनंतरही त्या मिनिटांत मी बाळाच्या छातीवरून नजर हलवत नाही.

आता विचार करा. हे बाळ मिनिटाला पन्नास-साठ श्वास घेतं आणि प्रत्येक श्वासाला वायुकोशाच्या आतला तो पातळ थर ताणला जातो, दाबला जातो. तो वापरला गेला की संपला असता, तर पाव ग्रॅम दिवसभरही पुरला नसता. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळाची स्वतःची निर्मिती फार संथ असते. किरणोत्सारी नसलेल्या, निरुपद्रवी खुणेचं ग्लुकोज शिरेतून देऊन अशा बाळांमध्ये मोजमापं झाली आहेत. त्या ग्लुकोजपासून बनलेलं सर्फॅक्टंट श्वासनळीतल्या स्रावात दिसायलाच जवळपास एक दिवस लागतो आणि त्याचं प्रमाण शिखरावर पोचायला सुमारे तीन दिवस. मधल्या तीन दिवसांत बाळ तगतं ते आहे तेच फिरवून फिरवून वापरल्यामुळे.

किती वाचवतं? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन जोब, माचिको इकेगामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवर हे मोजलं. खूण लावलेला सर्फॅक्टंटचा मुख्य स्निग्ध पदार्थ, फॉस्फॅटिडिलकोलीन, श्वासनळीतून फुप्फुसात सोडायचा आणि ती खूण पेशीच्या आत किती जाते, पुन्हा बाहेर किती येते हे ठराविक वेळांनी तपासायचं. तीन दिवसांच्या पिलांमध्ये ९० टक्क्यांहून जास्त माल पुन्हा वापरात येत होता. प्रौढ सशांमध्ये हे प्रमाण खूपच कमी, साधारण पाव हिश्श्याच्या आसपास. पिलांमध्ये तर रेणू बराचसा अखंडच परत येत होता. तोडून, सुटे भाग करून नव्याने जोडलेला नव्हे. नवजात फुप्फुस काटकसरी असतं असं मी म्हणते ते या आकड्यांवरून.

हे सगळं करणारी पेशी म्हणजे टाइप २ न्यूमोसाइट. वायुकोशाच्या पृष्ठभागाचा जेमतेम ५ टक्के भाग ती व्यापते; बाकी सगळीकडे पोळीसारख्या पसरलेल्या टाइप १ पेशी असतात. टाइप २ कोपऱ्यात बसलेली, घनाकार, वरच्या बाजूला बारीक केसाळ. तिच्या आत लॅमेलर बॉडी नावाच्या पिशव्या असतात, साधारण एक मायक्रोमीटरच्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा छेद पाहिला तर मधोमध कापलेला चिरोटा आठवतो: एकाला एक लागून पापुद्रे, तेही तुपाचेच. वर्गात हे उदाहरण द्या, मुलं विसरणार नाहीत. पिशवी पेशीच्या कडेला येऊन उघडते, पापुद्रे बाहेर सांडतात, कॅल्शियम आणि प्रथिनांच्या मदतीने त्यांची चौकटी-चौकटीची जाळी होते. या जाळीला ट्यूब्युलर मायलिन म्हणतात. तिच्यातून स्निग्ध रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन पसरतात. श्वास सोडताना हा थर दाबला गेला की पृष्ठताण शून्याजवळ येतो आणि वायुकोश मिटत नाही.

दाबताना थराचे काही तुकडे निसटतात. सर्फॅक्टंट धुऊन काढून वजनाप्रमाणे वेगळं केलं तर दोन गट मिळतात. मोठे, जड पुंजके ताजे आणि कामाचे. लहान, हलके बुडबुडे वापरून झालेले. या लहान बुडबुड्यांत एसपी-ए आणि एसपी-बी ही सर्फॅक्टंटची प्रथिनं जवळपास नसतात आणि त्यांनी पृष्ठताण नीट उतरत नाही. पेशीकडे परत जाणाऱ्या मालात यांचा वाटा मोठा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, प्रथिनांचा. सर्फॅक्टंटमध्ये साधारण ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिनं. खास सर्फॅक्टंटची म्हणावीत अशी प्रथिनं चार: एसपी-ए, बी, सी आणि डी. नावं एका घरातली वाटतात, पण स्वभाव पार वेगळे. ए आणि डी मोठी, पाण्यात मिसळणारी, जंतूंना चिकटून त्यांची ओळख पटवणारी. ए तर अठरा साखळ्यांचा, फुलांच्या गुच्छासारखा. बी आणि सी मात्र चिमुकली आणि पाण्याला घाबरणारी: बी ७९ अमिनो आम्लांचं, सी फक्त ३५ चं. ही दोन्ही स्निग्ध थरातच रुतून बसलेली असतात. म्हणून "प्रथिनं परत कशी येतात" या प्रश्नाला एक उत्तर नाही.

एसपी-एचा मार्ग सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे. टाइप २ पेशीच्या पृष्ठभागावर त्याला पकडणारे ग्राही रेणू असतात. त्यांतला एक, पी-६३ नावाचा, आरन फिशर यांच्या फिलाडेल्फियातल्या गटाने २००६ मध्ये ओळखला. एसपी-ए तिथे बसलं की त्या जागी पेशीच्या पटलाला खळगा पडतो. खळग्याच्या आतल्या बाजूने क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळीदार टोपली विणली जाते, खळगा खोल होतो, त्याचं तोंड आवळलं जातं आणि छोटी पिशवी आत सुटते. बारावीच्या पुस्तकात एन्डोसायटोसिसची जी आकृती असते, तीच ही. पिशवी मग एन्डोसोममध्ये, म्हणजे आत आलेला माल वेगळा करणाऱ्या पेशीतल्या कप्प्यात, मिसळते आणि खरी निवडानिवड तिथे होते.

इथे संशोधकांत मतभेद झाले, आणि ते मला फार शिकवून गेले. १९८९ च्या सुमारास सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवलेलं एसपी-ए पेशींना दिलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली ते काळे ठिपके आधी खळग्यात, मग एन्डोसोममध्ये, मग अनेक बुडबुडे भरलेल्या पिशवीत आणि शेवटी लॅमेलर बॉडीत सापडले. वाटलं, मार्ग उलगडला. पुढे २००१ मध्ये उंदरांच्या पेशींवर प्रथिन आणि स्निग्ध पदार्थ यांना वेगवेगळ्या चमकत्या खुणा लावून पाहिलं, तर दोन्ही एकत्र आत शिरतात आणि एन्डोसोमपाशी त्यांची ताटातूट होते, असं दिसलं. स्निग्ध पदार्थ लॅमेलर बॉडीकडे जातो, एसपी-एचा बराच भाग तिथूनच माघारी फिरून पेशीच्या पृष्ठभागावर येतो. मी दोन्ही निरीक्षणं खरी मानते. थोडं एसपी-ए लॅमेलर बॉडीपर्यंत पोचतं, पण ते बहुतांशी माल दारात पोचवून परत निघणाऱ्या हमालासारखं काम करतं. पेशीत नव्याने बनलेलं एसपी-ए सुद्धा मुख्यतः लॅमेलर बॉडीच्या बाहेरच्या वाटेनेच स्रवतं, हे त्याच्याशी जुळतं.

अजून एक गोष्ट मला सुंदर वाटते. सर्फॅक्टंट बाहेर टाकायला लावणारं औषध पेशीला दिलं, की तिच्या पृष्ठभागावर एसपी-एला पकडणारे ग्राही वाढतात आणि आत घेण्याचा वेगही वाढतो. जितकं देणं, तितकं घेणं. यात पटलाचाही हिशेब आहे. लॅमेलर बॉडी उघडताना तिचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं. ते परत आत ओढलं नाही, तर पेशी फुगत जाईल.

मग एसपी-ए नसेल तर सगळं थांबायला हवं, नाही का? काचेच्या बशीतल्या पेशींवरून तसंच वाटत होतं. जो राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की एसपी-ए घातल्यावर पेशी स्निग्ध बुडबुडे जास्त उचलतात. पण १९९६ मध्ये एसपी-एचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि ते ठणठणीत जगले. ट्यूब्युलर मायलिनची जाळी त्यांच्यात जवळपास नव्हती, जंतुसंसर्गाला ते पुढे बळी पडत, पण श्वास चालू होता आणि सर्फॅक्टंटचा साठाही फारसा ढळला नव्हता. पुढच्या कामात कळलं की क्लॅथ्रिनच्या दाराशिवाय दुसरंही दार आहे, पेशीच्या अ‍ॅक्टिन सांगाड्याच्या ओढीवर चालणारं, आणि एसपी-ए नसताना पेशी त्या वाटेने माल आत घेते. बशीतली पेशी आणि जिवंत फुप्फुस यांत इतका फरक पडू शकतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

आणि हे तुमच्या भाच्याशी थेट जोडलेलं आहे. त्याला दिलेल्या औषधात एसपी-ए आणि एसपी-डी नाहीतच. फुप्फुसातून सर्फॅक्टंट काढताना सेंद्रिय द्रावक वापरतात, त्यात पाण्यात मिसळणारी ही दोन प्रथिनं निघून जातात. उरतात स्निग्ध पदार्थ, एसपी-बी आणि एसपी-सी. तरीही बाळाच्या पेशी तो माल उचलतात.

बी आणि सी यांना स्वतःचं वेगळं दार लागत नाही असं दिसतं. ज्या स्निग्ध तुकड्यात ती रुतलेली असतात, त्यासोबत ती आत जातात. उंदरांच्या टाइप २ पेशींत खूण लावलेलं एसपी-बी अनेक बुडबुडे भरलेल्या पिशवीमार्गे लॅमेलर बॉडीत पोचलेलं पाहिलं गेलं आहे. तिथे नव्याने बनलेल्या एसपी-बी आणि सीशी त्यांची गाठ पडते आणि सगळे मिळून पुढच्या खेपेला बाहेर निघतात. म्हणजे डुकराच्या फुप्फुसातून आलेलं प्रथिन तुमच्या भाच्याच्या पेशीत, त्याच्या स्वतःच्या प्रथिनाशेजारी, एकाच चिरोट्यात बसू शकतं. अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की बाहेरून दिलेलं सर्फॅक्टंट फुप्फुसात काही काळ राहिल्यावर सुधारतं. परत धुऊन काढलेलं सर्फॅक्टंट दिलेल्यापेक्षा चांगलं काम करत होतं, कारण बाळाच्या पेशींनी त्यात आपली प्रथिनं मिसळली होती.

एसपी-डीबद्दल थोडक्यात. ते काढून टाकलेल्या उंदरांमध्ये सर्फॅक्टंट साचत जातं आणि मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, फेसाळ दिसू लागतात. म्हणजे वापरलेल्या मालाला उचलण्याजोगं रूप देण्यात त्याचा हात आहे. साठा किती ठेवायचा हे मोजणारा एक ग्राही, जीपीआर-११६, टाइप २ पेशीवरच आहे. २०१३ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तो काढला तर साठा बेसुमार वाढतो.

सगळंच परत वापरात येत नाही. एक हिस्सा वायुकोशातले मॅक्रोफेज गिळतात, आणि त्यांच्या पोटात गेलेलं प्रथिन तुटून संपतं. टाइप २ पेशीतही काही भाग लायसोसोममध्ये, म्हणजे मोडतोड करणाऱ्या कप्प्यात, मोडला जातो. मॅक्रोफेजचं काम किती मोलाचं आहे हे ते बंद पडल्यावर कळतं. त्यांना परिपक्व व्हायला जीएम-सीएसएफ नावाचा संदेश लागतो. १९९४ मध्ये हा संदेश नसलेल्या उंदरांची रक्तपेशींची तपासणी चालू असताना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्यांची फुप्फुसं सर्फॅक्टंटने भरलेली सापडली. मोठ्या माणसांत असाच आजार १९५८ पासून माहीत होता, पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं कारण दाखवलं: रुग्णाचं शरीर जीएम-सीएसएफविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं.

शिकत असताना मी अशा एका रुग्णाचं फुप्फुस धुताना पाहिलं होतं. भूल देऊन एक फुप्फुस श्वासावर ठेवायचं, दुसऱ्यात कोमट सलाइन सोडायचं आणि काढून घ्यायचं, लिटरमागून लिटर. जमिनीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. पहिली ताकासारखी दाट, तळाशी साका. दहावी-बारावी बाटली तांदळाच्या धुवणासारखी. शेवटची जवळपास पाण्यासारखी. निर्मिती आणि पुनर्वापर चालू, फक्त मोडीत काढणारा हात थांबला, तर एवढं साचतं.

उलट बाजूचा आजार माझ्या वाट्याला जास्त वेळा येतो, आणि तो मनाला लागतो. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं बाळ, आणि एक्स-रे मात्र सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळासारखा पांढरा. सर्फॅक्टंट दिलं की काही तास छान. मग पुन्हा ऑक्सिजन वाढतो. पुन्हा डोस, पुन्हा काही तास. अशा वेळी मी एसपी-बी किंवा एबीसीए-३ या जनुकांची तपासणी करायला सांगते. एसपी-बीचा जन्मजात अभाव १९९३ मध्ये प्रथम वर्णिला गेला, एबीसीए-३ चा दोष २००४ मध्ये. एबीसीए-३ हा लॅमेलर बॉडीच्या भिंतीतला स्निग्ध पदार्थ आत ओढणारा पंप. एसपी-बी नसेल तर पापुद्रे रचलेच जात नाहीत आणि एसपी-सीची घडणही अर्धवट राहते. म्हणजे आत घेतलेला माल ठेवायला कोठारच नाही. तुमच्या भाच्याला एक डोस पुरतो आणि या बाळाला दहाही पुरत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. हे दोष आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार होतो. आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न होतं, तिथे ही शक्यता वाढते. म्हणून पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्या, असं मी आईवडिलांना समोर बसवून, वेळ देऊन सांगते. यात चूक कुणाचीच नसते, हे आधी सांगते.

एसपी-सीच्या एका बदलाचा उल्लेख करायलाच हवा, कारण तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी मर्माशी आहे. या बदलात एक आयसोल्यूसिन जाऊन थ्रिओनिन येतं, जागा ७३. अपुरं घडलेलं प्रथिन लॅमेलर बॉडीत जाण्याऐवजी चुकून पेशीच्या पृष्ठभागावर येतं. पेशी ते नेहमीच्या दाराने परत आत घेते, पण मोडू शकत नाही, आणि ते आत तुंबत राहतं. एकच प्रत बिघडली तरी पुरते. काहींना तान्हेपणी त्रास होतो, काहींना मोठेपणी फुप्फुस कडक होत जातं.

आता दुसरा डोस. तो लागेल की नाही हे बरंचसं साठा किती वेगाने वाया जातो यावर ठरतं. व्हेंटिलेटरने मोठमोठे श्वास दिले तर थर जास्त ताणला जातो आणि मोठ्या पुंजक्यांचे लहान निकामी बुडबुडे झपाट्याने होतात. फुप्फुसाला इजा झाली तर रक्तातली प्रथिनं वायुकोशात झिरपतात आणि उरलेल्या थराचं कामही बिघडवतात. म्हणून आम्ही शक्य तितक्या लवकर नळी काढून बाळाला नाकावाटे सीपॅपवर, म्हणजे सतत हलका दाब देणाऱ्या हवेवर, ठेवतो: फुप्फुस थोडं फुगलेलं राहतं, मिटणं-उघडणं कमी होतं, पेशींना आपलं काम करायला उसंत मिळते. जंतुसंसर्ग झाला किंवा ऑक्सिजन पुन्हा चढत गेला, तर दुसरा डोस देतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळंतपणाआधी तुमच्या बहिणीला स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती का, हे डॉक्टरांना विचारा. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये त्यांचा उपयोग दाखवला. ती मिळाली असतील, तर बाळाच्या टाइप २ पेशी बऱ्याच तयारीने जन्माला आल्या आहेत.

डोस देऊन किती तास झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिले तीन दिवस ऑक्सिजनचा आकडा आणि सीपॅपचा दाब रोज विचारून वहीत टिपून ठेवा. दोन्ही हळूहळू उतरत असतील, तर दिलेला माल फिरतो आहे आणि बाळाचा स्वतःचा त्यात मिसळू लागला आहे.